‘डिस्क मेली’ असं कोण म्हणतो?

‘डिस्क मेली.’ हे दोन शब्द बोलायला काही लागत नाही. पेचकस लागत नाही, मीटर लागत नाही, अक्कल तर नाहीच नाही. काउंटरमागं उभं राहायचं, मशीन चालू करायचं, पडद्यावर डिस्कचं नाव आलं नाही की मान हलवायची आणि म्हणायचं, ‘गयी, भाय. नयी डाल.’ झालं. आपली पोरं निमूट खिशात हात घालतात. एकही जण विचारत नाही, की शेठ, कशावरून?

दोस्तांनो, हा ‘कशावरून’ विचारायला शिका. एवढंच सांगायला मी लिहायला बसलोय.

दिसत नाही म्हणजे मेली, हे कुठलं शास्त्र? मशीनला डिस्क दिसत नाही, ही मशीनची तक्रार झाली. डिस्कचं म्हणणं अजून कुणी ऐकलेलंच नाही. एका बाजूची साक्ष घ्यायची आणि दुसऱ्याला फाशी द्यायची, हा धंदा सालोसाल चाललाय. तो बंद पाडायला एक पेचकस, एक जादा केबल आणि कुठला प्रश्न आधी, कुठला नंतर, एवढं कळणं पुरेसं आहे.

असेंबल्ड मशीन हा आपल्यासारख्यांचा प्रकार. कंपनीचं बंद खोकं परवडत नाही म्हणून आपण ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोड तुडवतो. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं कुणी म्हणत नाही. एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून रॅम, जुन्या मालातून कॅबिनेट, मित्राच्या मशीनमधून काढलेली डिस्क. मग घरी फरशीवर पेपर पसरायचा आणि जुळवायचं.

हे जुळवता येतं ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही, हेही माहीत असू द्या. १९८१ साली आयबीएमनं आपला पीसी काढला. भाग बहुतेक बाजारातलेच होते. मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम म्हणजे बायोस. तोसुद्धा कंपनीनं आपल्या तांत्रिक पुस्तकात छापला होता. छापलेला, पण कॉपीराइटच्या कुलपात. म्हणजे वाचा, पण शिवू नका! १९८२ साली कॉम्पॅकनं हे कुलूप कायद्याच्या आत राहून काढलं. एका गटानं तो प्रोग्राम वाचला आणि तो काय काय काम करतो तेवढंच लिहून काढलं. ज्यांनी मूळ ओळ कधी पाहिलीच नव्हती अशा दुसऱ्या गटानं त्या कामाचा नवा प्रोग्राम लिहिला. १९८४ साली फिनिक्स कंपनीनं असाच बायोस लिहून मागेल त्या मशीनवाल्याला विकायला काढला. त्यानंतर पीसी एका कंपनीच्या बापाचा राहिला नाही. तुमच्या फरशीवर जे मशीन जुळतं, त्याची ही जन्मकथा. ते उघडण्यातूनच जन्माला आलंय. अशा मशीनसमोर हात जोडून उभं राहणं म्हणजे त्याचा अपमान.

पण याचा एक ताप आहे. कंपनीच्या मशीनला एक मालक असतो, त्याला शिव्या देता येतात. असेंबल्ड मशीनमध्ये दहा कंपन्यांचे दहा भाग, आणि बिघाड झाला की दहा बोटं एकमेकांकडं. बोर्डवाला म्हणतो डिस्क बघा. डिस्कवाला म्हणतो केबल बघा. केबलवाल्याचं दुकानच उठलेलं असतं. अशा वेळी मालक तूच, इंजिनियर तूच, आणि शिव्या खाणाराही तूच. म्हणून प्रश्न विचारणाराही तूच व्हायला हवंस.

पहिला प्रश्न एकच: कुणाला दिसत नाही?

मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये जा. तिथं जोडलेल्या डिस्कांची यादी असते. यादीत डिस्कचं नाव आहे आणि विंडोजमध्ये मात्र नाही, तर वीज पोचतेय, तार ठीक आहे, डिस्क आपलं नाव सांगतेय. भांडण सॉफ्टवेअरशी आहे, कॅबिनेटला हात लावू नका. यादीतच नाव नसेल, तर विंडोज पुन्हा टाकून काडीचा उपयोग नाही. ज्याला बायोस ओळखत नाही त्याला विंडोज कुठून ओळखणार? ही तपासणी एका मिनिटाची आहे. ती न करता पोरं रात्रभर विंडोज टाकत बसतात आणि सकाळी दुकानात जातात.

आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेचं उदाहरण सांगतो. तिथलं मशीन असंच जुळवलेलं. त्यातल्या हार्ड डिस्कवर गल्लीतल्या घरांचे कागद स्कॅन करून ठेवलेले: फोटोपास, रेशन कार्ड, जुनी लाइट बिलं, मतदार यादीतली पानं. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात फुकट घराचा हक्क सांगायचा तर झोपडी १ जानेवारी २०००च्या आधीची आहे हे कागदानं दाखवावं लागतं. माणूस समोर उभा असून चालत नाही, कागद लागतो. काही घरांचे मूळ कागद पुढच्या पावसाळ्यांत भिजून लगदा झाले. त्यांचा पुरावा म्हणजे ती एक डिस्क. आता कळलं, ‘मेली’ म्हटल्यावर काय मरतं ते?

मशीन फार रडत चालतं म्हणून पोरांनी त्यात एम डॉट टू प्रकारची नवी एसएसडी बसवली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी वस्तू, सरळ बोर्डवर बसते. मशीन पळायला लागलं, आणि हार्ड डिस्क गायब. पोरं मशीन उचलून एका दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं कॅबिनेटचं झाकणसुद्धा काढलं नाही. पडदा बघितला आणि निकाल दिला: डिस्क डेड, डेटा काढायचा तर बाहेर पाठवावी लागेल. आणि आकडा असा सांगितला, की त्यात आमच्या इथं एका खोलीचं दोन महिन्यांचं भाडं निघालं असतं.

मशीन परत आलं. मी झाकण काढलं. चालू करून डिस्कच्या अंगावर बोट ठेवलं. बारीक थरथर लागत होती. आतली तबकडी फिरत होती. म्हणजे वीज मिळत होती आणि मोटर जिवंत होती. कटकट आवाज नव्हता. बंद करून डेटाची केबल बदलली. नाव आलं नाही. मग तीच केबल बोर्डवरच्या दुसऱ्या भोकात लावली. बायोसमध्ये डिस्कचं नाव आलं. सगळे कागद जागच्या जागी. दहा मिनिटं गेली असतील. खर्च शून्य.

कारण काय? बोर्डच्या पुस्तकात एका तक्त्याखाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात ते छापलेलं होतं: एम डॉट टूच्या जागी एसएसडी बसवली तर साटाची पाच आणि सहा नंबरची भोकं बंद होतात. आमची हार्ड डिस्क सहामध्ये. बोर्डवरच्या चिपकडं डेटा न्यायच्या वाटा मोजक्या असतात. काही बोर्डांवर एकच वाट दोघांत वाटून दिलेली असते. चाळीतल्या नळासारखं समजा. वरच्या मजल्यानं नळ सोडला की खालच्याची कळशी कोरडी. पण खालचा मेला असं कुणी म्हणतं का? प्रत्येक बोर्डची वाटणी निराळी, म्हणून आपल्या बोर्डचं पान आपणच काढून बघायचं.

त्या दुकानदाराला हे माहीत होतं की नव्हतं, मला कळायला मार्ग नाही. माहीत असेल तर लुटारू. नसेल तर भोंदू. बिल दोन्हीकडं तेवढंच. देवऋषी नाडी न बघता सांगतो की बाहेरची बाधा आहे, कोंबडं लागेल. हा झाकण न काढता सांगतो की डिस्क डेड आहे, नवी लागेल. फरक एवढाच, की याच्या दुकानात एसी असतो.

आता बायोसला डिस्क दिसत नसेल तर काय काय बघायचं, क्रमानं सांगतो. फुकटचं आधी, पैशाचं शेवटी.

मशीन बंद करा, प्लग काढा. साटा डिस्कला दोन जोडण्या असतात: रुंद १५ पिनांची विजेची, अरुंद ७ पिनांची डेटाची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. ही जोडणी नुसत्या हिसक्यानं ढिली होते. मग डेटाची केबल बदला. मग भोक बदला. मग एसएमपीएसमधून येणारी विजेची दुसरी वायर लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि डिस्क दिसली, तर कशानं दिसली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा त्या काउंटरसमोर.

इथं एक धोक्याची सूचना. काही एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघतात. एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका. प्लग बसतो, पण आत कुठल्या पिनेवर किती व्होल्ट हे प्रत्येकानं आपल्या मर्जीनं ठरवलेलं असतं. जिथं ५ व्होल्ट हवेत तिथं १२ गेले की डिस्क खरोखर मरते. मग कुणाला दोष देणार?

जुन्या मालात कधी कधी मोठ्या सर्व्हरमधून काढलेल्या डिस्का मिळतात. त्या लावल्या की फिरतच नाहीत. त्याही मेलेल्या असतीलच असं नाही. यातल्या काही नव्या धर्तीच्या डिस्कांत विजेच्या जोडणीतली तिसरी पिन ‘बंद राहा’ हा हुकूम द्यायला ठेवलेली असते. जुन्या एसएमपीएसमध्ये त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट कायम येतात. डिस्क बिचारी हुकूम पाळत गप्प बसते. ज्यात ३.३ व्होल्टची तारच नाही अशा, चांगल्या बनावटीच्या, चार पिनी जोडणीतून वीज दिली की ती उठते. आज्ञाधारकपणा म्हणजे मरण नव्हे, पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

एम डॉट टूची आणखी एक फसवाफसवी आहे. तिच्या काही पट्ट्या साटाची भाषा बोलतात, काही एनव्हीएमईची. दोन्ही त्याच भोकात बसू शकतात. पण भोकाला एकच भाषा येत असेल तर दुसरी पट्टी बसते आणि दिसत नाही. विकत घेण्याआधी बोर्डचं पुस्तक बघा. दुकानदार ‘सब चलता है’ म्हणतो. चालतं ते त्याचं दुकान.

बायोसला दिसते आणि विंडोज टाकताना यादी रिकामी येते, असंही होतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच मशीनांत व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये नसतो. त्या पडद्यावरच ‘लोड ड्रायव्हर’ असं बटण आहे. बोर्डच्या कंपनीकडून ड्रायव्हर आणून तिथून द्या. डिस्क हजर होते.

मशीनची तारीखवेळ रोज मागं जात असेल तर बोर्डवरचा ३ व्होल्टचा गोल सेल बदला. तो संपला की बायोस आपल्या मूळ नेमणुकीवर जाऊ शकतो, डिस्क वाचायची पद्धत बदलते आणि कालपर्यंत चालणारं विंडोज आज उठत नाही. म्हणून बायोसचे सगळे पडदे एकदा मोबाइलनं टिपून ठेवा. काय होतं ते माहीत असलं तर काय बदललं ते कळतं.

आणि सगळ्यात मोठा सापळा. बायोसला दिसते, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येही दिसते, पण विंडोज विचारतं: इनिशिअलाइझ करू का? फॉरमॅट करू का? कोरी डिस्क असेल तर खुशाल हो म्हणा. पण ज्या डिस्कवर घरांचे कागद आहेत, पोरांचे फोटो आहेत, तिथं ‘नाही’ दाबा आणि उठा. कधी कधी फक्त ड्राइव्हचं अक्षर गेलेलं असतं, ते द्यायचं आणि काम संपलं. तसं नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, डिस्क तिथं उघडते का बघा. लिनक्सला पैसे पडत नाहीत. डिस्क जितकी जिवंत असताना पुसली गेली असेल तितकी ती खरोखरच्या बिघाडानं गेली नसेल, असं मला आजूबाजूला बघून वाटतं. पुसणारा हात आपलाच असतो, फक्त बटण दाबायला दुसऱ्यानं सांगितलेलं असतं.

आता दुसरी बाजू. डिस्का मरतात. मरतच नाहीत असं म्हणणारा मी येडा नाही. हार्ड डिस्कमधून ठराविक ठेक्यात कटकट आवाज येत असेल तर वाचणारं डोकं जागा शोधतंय आणि त्याला सापडत नाहीये. तेव्हा हुशारी बंद, वीज बंद. प्रत्येक वेळी चालू करून बघणं म्हणजे जखमेवर चालणं. आणि घरात डिस्क उघडायची नाही. आत ते डोकं तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस हजारो पट जाड. आपल्या खोलीतला धुळीचा एक कण तिथं धोंड्यासारखा आहे. फ्रिजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर त्यालाच ठेवा. अशा वेळी स्वच्छ खोली असलेल्या जाणकाराकडंच जावं लागतं आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. ते द्यावेत. कसबाचे पैसे देण्यात कमीपणा नाही. अडाणीपणाचा दंड भरायला माझा विरोध आहे.

डिस्क स्वतःही आपली वही ठेवते. तिचं नाव स्मार्ट. फुकटच्या प्रोग्रामनं ती वाचता येते. त्यात ५ आणि १९७ नंबरच्या ओळी वाढत असतील तर तबकडीवरच्या जागा खराब होतायत, आजच्या आज दुसरीकडं उतरवून घ्या. १९९ वाढत असेल तर बहुतेक वेळा केबलनं दगा दिलाय, डिस्क नीट आहे. बघा, डिस्क आपली साक्ष लिहून ठेवते. वाचणारा पाहिजे.

आता थोडं आपल्याच पोरांना. लॅमिंग्टन रोडला शिव्या देणं सोपं आहे. पण गल्लीतला जो पोरगा हे शिकतो, तो काय करतो? चार मशीनं सुधारली की तो झाकण काढताना पाठ फिरवून बसतो, कुणाला दिसू नये म्हणून. ‘तुला नाय कळायचं’ म्हणतो. पोरींना तर पेचकसच देत नाही. म्हणजे गल्लीतच एक छोटं काउंटर उभं राहिलं! ज्ञान दडवून मोठं व्हायची ही खोड कुठून येते ते तुम्हाला मी सांगायला नको. ती मोडा. झाकण काढाल तेव्हा चार जणांना शेजारी बसवा. बोर्डचं पुस्तक इंग्रजीत आहे, तर त्यातली कामाची दोन पानं मराठीत लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा. कुठली डिस्क कुठल्या भोकात, कुठलं भोक कधी बंद होतं, सगळं. आमच्या अभ्यासिकेत ती चिकटवली आहेत.

आणि घाई करा. झाकण निघणारं मशीनच कमी होत चाललंय. बऱ्याच लॅपटॉपांत साठवण आता बोर्डलाच डाख देऊन टाकलेली असते. केबल बदलायला केबलच नाही, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायला डिस्कच सुटी नाही. तिथं ‘मेलं’ म्हटलं की कशावरून विचारायलाच जागा नाही. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. त्याच वर्षी त्याचं पोर्टलही निघालं. चांगली गोष्ट. पण समित्यांवर विसंबून कुणाची डिस्क दिसायला लागलेली नाही. हक्क कागदावर आला तरी पेचकस धरणारा हात आपलाच लागणार. असेंबल्ड मशीन वापरा, जुनं असलं तरी वापरा. जोवर झाकण निघतंय तोवर शिकून घ्या.

शेवटची गोष्ट, आणि ही सगळ्यात स्वस्त. ज्याची एकच प्रत आहे ते आपलं नाही, ते नशिबाचं आहे. गल्लीचे कागद एका डिस्कवर नकोत. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या घरात. एका घरात पाणी शिरलं तर दुसरं कोरडं असावं. महिन्यातून एकदा ती लावून उघडते का बघा. न उघडून बघितलेली प्रत ही प्रत नसते, नुसती समजूत असते.

मग एखाद्या दिवशी कुणी काउंटरवरून मान हलवून म्हणालं की गयी, तर घाबरू नका. शांतपणे विचारा: बायोसमध्ये बघितलं का? केबल बदलली का? भोक बदललं का? झाकण तरी काढलं का? उत्तर नसेल तर मशीन उचला आणि चालू लागा. पेचकस घरी आहे.